सगळ्या वाडीचा एक पत्ता

सुंबरसेपी, २० मे २०२४

म्बाक विलुजेंग,

कुलोनुवुन! दारात उभं राहून घालायची हाक कागदावर घालतोय, हसू नकोस. धाकट्या भावाकडे सध्या तेवढंच साधन उरलंय. माझा फोन लागत नाही म्हणून तू तिकडे सुराबायात चिडून बसली असशील. फोन पोलिसांकडे आहे. खांबावरची आपली दिवे लुकलुकणारी डबीही त्यांनी नेली, म्हणजे वाडीतलं इंटरनेटही बंद.

झालंय असं. आपल्या झऱ्याचं पाणी लुराहने, म्हणजे आपल्या सरपंचाने, मेव्हण्याच्या पर्यटक-निवासाकडे वळवलं. हे वाडीतल्या शेळ्यांनाही माहीत आहे. पण कुणीतरी ते इंटरनेटवर, थेट जिल्ह्याच्या प्रमुखांच्या, बुपातींच्या पानावर, त्यांच्या फोटोखाली लिहिलं. नाव खोटं, कुठल्याशा फुलाचं. लुराहने बदनामीची तक्रार केली, पोलिसांनी नंबर काढला, तर तो नंबर माझा. कंपनीची लाइन माझ्या नावावर, आणि तिच्यावरूनच मी तारा ओढून घराघरात इंटरनेट पोचवलंय. फौजदार म्हणाले, "पत्ता तुझा, म्हणजे लिहिणं तुझं. तुझं नसेल तर कुणाचं ते सांग." मी म्हटलं, माहीत नाही.

आता तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि दर सोमवारी-गुरुवारी ठाण्यात हजेरी. सिम्बोकना यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगितलंय की डबी दुरुस्तीला गेली आणि मी सोमवार-गुरुवारचे उपास धरलेत, म्हणून सकाळी न खाता मशिदीत जातो. मुलगा सुधारला म्हणून त्या इतक्या खूश आहेत की संध्याकाळी टेंपे तळून दारात वाट बघतात. एक खोटं बोलायला गेलो आणि खरोखरच उपाशी मरतोय.

दुसऱ्याच्या फोनवरून तुला फोन करायला भीती वाटते, उद्या त्याचाही फोन जप्त व्हायचा. तू या पत्त्यांच्याच धंद्यात आहेस. फौजदारांना कळेल असं काहीतरी लिहून पाठव.

सप्तोनो

•

सुराबाया, २५ मे

सप्तोनो,

हजेरी? तुला? शाळेत कधी दिली नाहीस ती! पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले आणि मग मला भयंकर राग आला. त्या फौजदाराला म्हणावं, अख्ख्या वाडीचं पाणी एका नळातून येतं, म्हणून नळ ज्याच्या दारात तोच सगळं पाणी पितो का? आता तर तेही येत नाही म्हणा.

नीट वाच आणि तसंच सांग. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुनी पद्धत, आम्ही तिला नुसतं 'चार' म्हणतो. तिच्यात चार आकडे आणि मध्ये ठिपके. बनवणाऱ्यांना वाटलं, चारशे कोटींच्या आसपास पत्ते होतात, पुष्कळ झाले. मग माणसं वाढली, एकेकाच्या खिशात दोन-दोन यंत्रं आली आणि पत्ते संपले. तेव्हा तोड निघाली की एका घराला, एका वाडीला मिळून एकच पत्ता द्यायचा. तुझी डबी वेशीवर बसते. आतल्या घरांना ती आपले घरगुती आकडे देते, ज्यांना वेशीबाहेर कोणी विचारत नाही. कुणी बाहेर निघालं की डबी त्याच्या अंगावरचा घरगुती आकडा काढते आणि सगळ्या वाडीचा म्हणून तोच एक पत्ता डकवते. उत्तर आलं की कुणाचं ते ओळखून आत सोडते. पण ज्याला आतून कुणी बोलावलंच नाही, त्याने बाहेरून कितीही कुलोनुवुन म्हटलं तरी दार उघडत नाही. बाहेर जाता येतं, आत कुणाला येता येत नाही. आता या पत्त्यावरून माणूस कसा ओळखणार? पत्ता तुझ्या नावावर आहे एवढंच खरं.

आणि एक सांगू? मला तर शेजारच्या गिमानचा संशय येतो. तोंडाला कुलूप नाही, लुराहशी बांधावरून वाकडं. त्याच्यासाठी तू का अडकून पडायचं? नाव सांग आणि मोकळा हो.

सिम्बोकना जप. आणि फौजदारापुढे टेंभा मिरवू नकोस.

तुझी म्बाक

•

सुंबरसेपी, ३१ मे

म्बाक,

नळाचं उदाहरण सांगितलं. फौजदार हसले, मला वाटलं सुटलो. मग म्हणाले, "ठीक आहे. त्या वेळी कोण बाहेर गेलं त्याची नोंद दाखव." नोंद? मी वेशीवर बसलेला जकातदार आहे का? शेजाऱ्याला इंटरनेट द्यायचं आणि तो काय बघतो ते लिहून ठेवायचं, हे मला कधी सुचलंच नाही. "मग," ते म्हणाले, "पुन्हा तूच."

तर आता असा आहे माझा संसार. तंबाखूची खुरपणी सुरू झालीय पण मला वरच्या शेतावर जाता येत नाही, ते शेजारच्या तालुक्यात मोडतं. आयुष्यभर ज्या बांधावरून उडी मारत आलो तिथे आता उभा राहतो आणि परत फिरतो. वाडीतले लोक समोरून आले की अचानक काहीतरी विसरल्यासारखे मागे वळतात. प्रत्येकाला वाटतं हा आपलं नाव घेणार. गिमान केळ्यांची फणी घेऊन आला आणि कुंपणाच्या बाहेरूनच माझ्या हातात दिली. म्हणाला, "मी नाही हं लिहिलं, सप. लिहायला पाहिजे होतं, पण लिहिलं नाही." तेव्हा गिमानचं नाव पुन्हा काढू नकोस.

ते लिखाणही गमतीचं आहे. इतक्या उच्च, अदबीच्या जावानीजमध्ये आहे की ठाण्यात वाचायला जुना कारकून बोलवावा लागला. शिवी नाही, आरोप नाही, फक्त नम्र चौकशी की पाणी कुठे गेलं. कागदावर नंबर लिहिलाय, तो तू म्हणतेस तसाच, चार आकडे आणि ठिपके.

काल हजेरीला चार तास बसवून ठेवलं. तिथल्या भिंतीवरची पाल आता मला ओळखते. संध्याकाळी सिम्बोक म्हणाल्या, उपासाने तोंडावर तेज आलंय.

सप्तोनो

•

सुराबाया, ५ जून

अरे गाढवा,

ठिपके आहेत हे आधी का नाही सांगितलंस? सुटलास तू!

आठव. गेल्या ईदेला मी आले होते तेव्हा दिवसभर तुझ्या डबीशी झटापट केली होती, आणि तू म्हणाला होतास की म्बाक सुट्टीत तरी माणसासारखी वाग. तेव्हा मी तुझ्याकडे नवी पद्धत सुरू केली, 'सहा'. सहाचे पत्ते लांबलचक असतात, आठ गट, त्यात अक्षरंही, आणि ठिपक्यांच्या जागी विसर्गासारखी दोन-दोन टिंबं. इतके पत्ते आहेत की तंबाखूच्या पानापानाला एकेक दिला तरी संपायचे नाहीत. त्यामुळे वाटून घ्यायची गरज नाही. पुढचा अर्धा भाग तुझ्या लाइनचा, मागचा अर्धा ज्याच्या त्याच्या यंत्राचा. डबी कुणाच्या अंगावरून काही काढत नाही, जो तो आपला पत्ता लावूनच बाहेर जातो.

आता मुद्दा ऐक. दोन्ही रस्ते मोकळे असले तर यंत्र आधी सहाने जातं. बुपातींचं ते पान सहा जाणतं, मी इथून तपासलं. वाडीतले सगळे फोन सहा जाणतात, तेही मी त्याच वेळी घरोघरी बघितलं होतं. म्हणजे तुझ्या फोनवरून ते लिहिलं असतं तर कागदावर लांबलचक पत्ता आला असता. आलेत ठिपके. याचा अर्थ लिहिणाऱ्याचं यंत्र असं आहे ज्यात सहा बंद आहे. असं यंत्र वाडीत एखादंच असणार!

हे सगळं मी व्यवस्थित लिहून, ऑफिसच्या साहेबांची सही घेऊन, तुमच्या तालुक्यात मोफत काम बघणाऱ्या वकीलबाईंना पाठवलं. त्यांनी कालच ते ठाण्यात दिलं. फौजदार म्हणे खूश झाले. बकरी ईद झाली की ते घरोघरी जाऊन यंत्रं तपासणार आहेत. आणि ती उच्च भाषा! गिमानचा मामा छायाबाहुल्यांचे खेळ करतो, त्याच्या घरात दुसरी भाषा तरी आहे का? तू तोंडात मिठाची गुळणी धरून बस, पण यंत्र खोटं बोलणार नाही.

आता पोटभर खा.

म्बाक

•

सुंबरसेपी, १० जून

म्बाक,

तू काय करून बसलीस.

ते फूल कुठलं ते मी तुला मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहितो. केम्बांग तुरी. हदग्याचं फूल. आठवतं का हे नाव कुणी ठेवलं? बाजारात आपलं नाव नको म्हणून सिम्बोक हटून बसल्या, तेव्हा नातवंडांचे फोटो बघायला तूच त्यांना हे खातं उघडून दिलंस. तुझ्या जुन्या काळ्या लॅपटॉपवर. त्याच लॅपटॉपवर, ज्यात तुझ्या ऑफिसचा कुठलासा प्रोग्राम अडतो म्हणून सहा तूच बंद केलं होतंस आणि तसंच विसरून त्यांना दिलंस.

आणि वाडीत कुणाच्या मुलीची मागणी घालायची झाली तर त्या भाषेत बोलायला कुणाला नेतात? गिमानच्या मामाला?

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फौजदारांनी कागद समोर ठेवला तेव्हाच मी ते नाव ओळखलं. मी गप्प बसलो असतो तर कंटाळून कधीतरी त्यांनी सोडून दिलं असतं. नोंद नव्हती हीच माझी ढाल होती. तू ती काढून घेतलीस.

यापुढे काही सिद्ध करू नकोस.

सप्तोनो

•

सुराबाया, १४ जून

सप,

पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. मी वकीलबाईंना फोन केला की ते लिहिलेलं परत घ्या. त्या म्हणाल्या, सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद परत कसा घेणार? आणि का, असं विचारलं. मी फोन ठेवून दिला.

म्हटलं, मीच लिहिलं म्हणून सांगते, खातं माझंच. पण मी त्या दिवशी सुराबायात कामावर होते, आणि लिखाण वाडीतूनच, घरात पडलेल्या यंत्रावरूनच गेलंय, हे मीच तर पटवून दिलंय. स्वतःच विणलेल्या जाळ्यात मी अशी अडकले आहे की हलले तरी गाठ आवळते.

तो लॅपटॉप विहिरीत टाक. किंवा मला दे पाठवून. किंवा त्यात सहा सुरू कर, कसं करायचं ते मागच्या बाजूला लिहिलंय. कर रे. त्या साठीच्या पुढे गेल्यात, त्यांना ठाण्याच्या बाकावर बसवणार का आपण? सिम्बोकशी आपल्या घरात कधी कोणी एकेरीत बोललं नाही, आणि तिथे कुणी पोरगा त्यांना 'ए म्हातारे' म्हणेल.

ईदेला मला सुट्टी नाही. काहीही कर पण त्यांना कळू देऊ नकोस.

म्बाक

•

सुंबरसेपी, २१ जून

म्बाक,

कळलं त्यांना. माझ्याच मूर्खपणामुळे.

ईद सोमवारी झाली, त्या दिवशी ठाण्याने सूट दिली. मंगळवारी मी लॅपटॉप काढून तू लिहिलंस तसं सहा सुरू करायला बसलो, तर सिम्बोक मागे उभ्या. "डबी आली का दुरुस्त होऊन?" "नाही." "मग मेलेल्या रेडिओशी काय खुडबुड?" मी झाकण लावून टाकलं. खरं सांगू, हात चालतच नव्हता. त्यांनी अदबीने लिहिलेलं एक पत्र, आणि मी चोरासारखा त्याच्या खुणा पुसत बसलेलो.

काल गुरुवार. हजेरी. सकाळी शर्ट चढवून निघालो, तर चुलीवर कुर्बानीच्या मटणाची गुलाई आणि ताट वाढलेलं. म्हणाल्या, "जेवून जा." मी सवयीने म्हटलं, "सिम्बोक, आज गुरुवार, माझा उपास."

त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. "आज?"

आणि मला काही लक्षात येईना. म्बाक, ईदेनंतरचे तीन दिवस! लहानपणी मौलवींनी छडी मारून पाठ करून घेतलं होतं की या दिवसांत उपास करणं पाप, देवाने वाढलेलं ताट ढकलणं. काल तिसरा दिवस. सगळ्या जावात काल सकाळी 'माझा उपास आहे' म्हणणारा मी एकटा गाढव असेन.

"कोणत्या मशिदीत शिकवतात हा उपास?" त्यांनी विचारलं. "बस. आधी जेव. मग बोल." मी जेवलो आणि जेवता जेवता सगळं सांगितलं. रडत होतो की नाही विचारू नकोस, गुलाईत तिखट फार होतं.

त्या आत गेल्या, लग्नाकार्याची निळी केबाया घालून आल्या. लॅपटॉप जारिकच्या कापडात गुंडाळून तान्ह्या मुलासारखा छातीशी बांधला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. मी म्हटलं, सिम्बोक, नका येऊ, पाया पडतो. म्हणाल्या, "चालव."

पुढचं त्या स्वतः लिहिणार आहेत. मला सांगायला बंदी आहे.

सप्तोनो

•

सुंबरसेपी, ५ जुलै २०२४

न्दुक, माझ्या पोरी,

तुझी पत्रं मी वाचली. सप्तोनोने उशीखाली ठेवली होती. मी चादर बदलायला गेले होते, चोरी करायला नाही.

आधी तुझी भीती काढते. कुणी मला 'ए म्हातारे' म्हटलं नाही. कोवळा पोलीस होता, त्याने मला सरकारी इंडोनेशियनमध्ये दरडावून विचारलं. मी आपल्या भाषेत उत्तर दिलं, वरच्या पायरीच्या. त्याला निम्मं कळलं नाही. मग फौजदार आले. तेही जावानीजच, चांगल्या आईचे. समोरून कुणी अदबीने बोललं की आपल्याला तसंच बोलावं लागतं, नाहीतर आपलीच आई डोळ्यांपुढे येते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मग 'आपण', 'आपल्या', 'कृपा करून' करत करत चौकशी केली. शेवटी घाम पुसत होते बिचारे.

मी सांगितलं, लिखाण माझं आहे. बुपातींच्या फोटोखाली चौकट होती आणि 'इथे लिहा' असं होतं. मला वाटलं ते त्यांच्या हातात जाणारं पत्र आहे. सगळ्या जगाला दिसतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आणखी शुद्ध लिहिलं असतं. मी विचारलं, "मी विचारलेलं पाणी कुठे गेलं, ते तपासलंत का?" ते म्हणाले, तो विषय वेगळा. मी म्हटलं, माझा तर तेवढाच विषय आहे.

तुझ्या भावाला त्यांनी सोडलं. फोन आणि डबी मिळाली. तो आज वरच्या शेतावर गेलाय, उगाच बांधावरून इकडून तिकडे उड्या मारत होता असं गिमानने येऊन सांगितलं. लॅपटॉप त्यांनी ठेवून घेतलाय.

मग लुराह घरी आले. लिहून आणलेला माफीचा कागद पुढे केला. सही करा, सगळं मिटेल. मी बसवलं, विचारपूस केली आणि चहा दिला नाही. न्दुक, या घरात आलेला पाहुणा आजवर बिनचहाचा गेला नाही. मी म्हटलं, "माफ करा, घरात पाणी नाही." खोटं नव्हतं, रांजण उपडाच होता. ते कागद घेऊन उठले. तक्रार अजून आहे.

आता तुमच्या दोघांबद्दल. मला राग आलाय. तुम्ही माझं नाव लपवलंत, माझ्यासाठी शेजाऱ्यावर संशय घेतलात, माझं पत्र विहिरीत टाकायला निघालात. त्या वेशीवरच्या डबीने सगळ्यांचं नाव पुसून एकच लावावं, तसं तुम्ही मला पुसलंत. माया होती, समजते मला. पण मी काय चोरी केली होती म्हणून तुम्ही मला दडवत होतात? मी एक प्रश्न विचारला होता. तो माझा होता.

सोमवारी-गुरुवारी आता मी हजेरीला जाते. सप्तोनो नेतो आणि बाहेर रडका चेहरा करून बसतो. त्याला सांग, त्या दिवशी माझा उपास असतोच, तुझे वडील गेल्यापासून. तिथल्या बाकावर बसून सोडला काय आणि घरी सोडला काय. तालुक्याबाहेर जायचं नाही, म्हणजे तुझ्याकडे येता येणार नाही. तेवढं मात्र रात्रंदिवस सलतं. नातवंडांना सांग, आजी कामात आहे.

एक काम कर. सप्तोनोने मला ते चार आणि सहा समजावलं. चार म्हणजे आपण बाहेर जाऊन बोलायचं, पण आपल्या दारी कुणाला येता येत नाही, वेशीवरच थांबतो. सहा म्हणजे ज्याला त्याला आपापला पत्ता. पुढच्या खेपेस येशील तेव्हा मला तसा एक लावून दे, लांबलचक असला तरी चालेल, मी पाठ करीन. बुपातींचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर ते सगळ्या वाडीच्या नावाने येऊन वेशीवर पडू नये. माझ्या दाराशी येऊन कुणी कुलोनुवुन म्हटलं, तर मला ऐकू यायला हवं.

सिम्बोक